ट्रकच्या इंजिनाची डमी उडाली: नवी ठोकण्याआधी आणि ठोकताना

प्रश्न असा आहे: कडक थंडीत रात्रभर उभ्या असलेल्या डिझेल ट्रकच्या इंजिनाची बाजूची डमी, म्हणजे फ्रीज प्लग, सकाळी बाहेर आलेली दिसली आणि पाणी सगळं खाली गेलेलं. त्याच मापाची नवी डमी ठोकली, पाणी भरलं, गाडी चालली. तिसऱ्या दिवशी चढावर तीही उडाली. डमी हलकी निघाली का, जास्त जाड घ्यावी का, की सरळ वेल्डिंग करून टाकावं?

तिन्हींना उत्तर 'नाही' असंच आहे. डमी स्वतःहून उडत नाही. तिला आतून काहीतरी ढकलतं, आतून काहीतरी खातं, किंवा ती पहिल्यापासून नीट बसलेलीच नसते. या तिघांतलं कोणतं, हे न ठरवता दुसरी ठोकली की तिसरी आणायची वेळ येते. तुमची पहिली डमी बर्फाने ढकलली, हे उघड आहे. दुसरी मात्र इंजिन गरम आणि लोडवर असताना गेली, तेव्हा आत बर्फ नव्हता. म्हणजे दुसरीचं कारण वेगळं आहे. बहुतेक त्या गोठलेल्या रात्रीनेच हेड गॅस्केट किंवा ब्लॉकमध्ये काहीतरी मागे ठेवलं आहे, नाहीतर डमी घाईत, ओल्या भोकात ठोकली गेली आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. फ्रीज प्लग या नावामुळे वाटतं की पाणी गोठलं तर हा प्लग निघून जातो आणि ब्लॉक वाचतो. ती भोकं त्यासाठी नाहीत. ब्लॉक ओतताना वॉटर जॅकेटची, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी फिरण्याची, पोकळी वाळूच्या गाभ्याने तयार करतात. तो गाभा साच्यात धरून ठेवायला आधार लागतो आणि नंतर वाळू बाहेर काढायला वाट लागते. त्या आधारांची आणि वाटांची भोकं मशीनवर गोल करून पत्र्याच्या वाटीने बंद करतात, तीच डमी. तिचं खरं नाव कोअर प्लग. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि जवळची डमी कधीकधी बाहेर ढकलतं, एवढंच. पण बर्फ सगळीकडे एकदम धरत नाही. आधी अरुंद वाटा बंद होतात, मग मधल्या कप्प्यात पाणी कोंडतं, आणि त्या कप्प्याला डमी नसेल तर भिंतच फाटते. बंद जागेत कोंडलेलं पाणी उणे २२ अंशांपर्यंत थंड होताना वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट दाब तयार करू शकतं. ओतीव लोखंड त्याच्या कितीतरी आधी हार मानतं. त्यामुळे डमी बाहेर आली म्हणजे ब्लॉक वाचला, असं धरून चालू नका.

निघालेली डमी हातात घेऊन पाहा

ती फेकून देऊ नका. सगळ्यात स्वस्त तपासणी तीच आहे. वाटीचं बूड बाहेरच्या, म्हणजे उघड्या बाजूला फुगून आलं असेल तर आतून मोठा दाब आला होता, बर्फाचा किंवा गॅसचा. बूड सपाट, काठ स्वच्छ आणि चकचकीत, आणि सगळी वाटी अखंड असेल तर ती मुळात घट्ट नव्हती. भोक मोठं झालेलं असेल, तेलकट असेल किंवा माप चुकलं असेल. सीलंटचं अख्खं कडं डमीवरून बोटाने सोलून निघत असेल तर ते लोखंडाला चिकटलंच नव्हतं. काठाच्या एकाच बाजूला खोल ओरखडा आणि दुसरी बाजू कोरी दिसली तर ती तिरकी ठोकली होती. आणि वाटी जागेवरच राहून मध्ये सुईच्या टोकाएवढं भोक पडलं असेल, आतून पाहिल्यावर त्याच्याभोवती खड्डा आणि तांबूस काळा थर असेल, तर तिला गंजाने खाल्लं आहे. तशा डमीची कारणं कुलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या मिश्रणात, शोधायची. त्याच इंजिनाच्या बाकीच्या डम्याही त्याच वयाच्या आणि त्याच पाण्यात भिजलेल्या आहेत, हेही लक्षात ठेवायचं.

इंजिन गोठलं होतं, तर आधी हे

इंजिन गोठलेलं असताना स्टार्टर मारू नये. वॉटर पंपाचा पंखा बर्फात धरलेला असतो. पट्टा जळतो, शाफ्ट तुटतो, आणि चालू झालंच तर पाणी फिरत नसल्याने हेड काही मिनिटांत तापतं. रेडिएटरची होज दाबून पाहा. कडक लागली किंवा आत कुरकुरलं तर बर्फ आहे. गाडी बंद जागेत घेऊन ऊबदार हवेच्या झोताने हळूहळू वितळू द्या. मोठ्या इंजिनाला यासाठी अख्खा दिवसही लागू शकतो. ब्लॉकवर गॅसची ज्योत फिरवू नका आणि उकळतं पाणी ओतू नका. गार ओतीव लोखंडाला एका बाजूने अचानक उष्णता दिली की नसलेला तडा जातो.

वितळल्यावर ऑइल डिपस्टिक बघा, पण तिच्यावर समाधान मानू नका. पाणी तेलापेक्षा जड असल्याने चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, तळाशी बसतं. इंजिन न फिरवता चेंबरचा ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करा आणि पहिल्या पेलाभर द्रवाकडे पाहा. आधी पाणी आलं तर आत तडा आहे, लायनरची, म्हणजे सिलिंडरमध्ये बसवलेल्या नळीची, रबर रिंग गेली आहे, किंवा ऑइल कूलर फाटला आहे. अशा वेळी डमी हा पुढचा विषय.

पाणी सिलिंडरमध्ये उतरलं असेल आणि स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून, क्रँकला बार लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठल्या सिलिंडरमधून पाणी उडतं का ते दिसेल. फिरवताना त्या भोकांच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही.

त्यानंतर तात्पुरती रबरी डमी लावून प्रेशर टेस्ट. हाताच्या पंपाने सिस्टीममध्ये रेडिएटर कॅपवर लिहिलेला दाब द्या. ट्रकच्या कॅपवर साधारण ०.५ ते १.१ बार असतं. त्याच्या वर जाऊ नका. १५ ते २० मिनिटं काट्याकडे बघत राहा. काटा खाली येत असेल आणि बाहेर थेंब नसेल तर पाणी आत जातंय. बाहेरच्या बाजूला टॉर्च घेऊन डमीच्या भोकांच्या मधली भिंत, हेडच्या टोकांच्या डम्या, थर्मोस्टॅट हाउसिंग, वॉटर पंप, ऑइल कूलरचं कव्हर, हीटरची नळी आणि एअर कॉम्प्रेसरचं हेड तपासा. शेवटचं नाव बहुतेक जण विसरतात. एअर ब्रेकच्या गाडीतला कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पाण्याने थंड होतो आणि त्याच्या हेडमधला पाण्याचा कप्पा छोटा असतो. थंडीत तो सहज फुटतो.

गरम इंजिनातून डमी ढकलतं कोण

जरा हिशेब करा. ५० मिलिमीटर व्यासाच्या डमीचं क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर. १ बार दाबाला तिच्यावर जवळजवळ २० किलोचा रेटा येतो. नीट बसलेल्या डमीला हा रेटा काहीच नाही, ती वर्षानुवर्षं तो सहन करते. दाब ४ बारवर गेला तर रेटा ८० किलो. रेडिएटर कॅप असताना दाब तेवढा चढू नये, पण कॅपची झडप चिकटली असेल किंवा कोणी चुकीची, जास्त दाबाची कॅप लावली असेल तर चढतो. म्हणून कॅप टेस्टरवर लावून उघडण्याचा दाब तपासणं हे पहिलं काम. तिच्या आतली उलटी झडपही पाहा. ती अडकली तर इंजिन थंड होताना वरची होज आत ओढली जाऊन चपटी होते.

कॅप चांगली असूनही दाब चढतोय, तर कुठून तरी गॅस येतोय. ट्रकमध्ये त्याचे दोन मुख्य रस्ते आहेत: हेड गॅस्केट किंवा हेडचा तडा, आणि एअर कॉम्प्रेसर. ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा जळलेला गॅस थंड करणारा कूलर, असलेल्या इंजिनात तो तिसरा. ओव्हरफ्लोची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवा आणि बुडबुडे बघा. लोड वाढवल्यावर बुडबुडे वाढतात आणि लोड काढला की कमी होतात, तर इंजिनाचा गॅस. एअर टँक भरत असताना बुडबुडे येतात आणि टँक भरल्यावर गव्हर्नरने (दाब सांभाळणाऱ्या झडपेने) कट मारला, कॉम्प्रेसर मोकळा झाला की थांबतात, तर दोष कॉम्प्रेसरच्या गॅस्केटमध्ये किंवा हेडमध्ये. टँकचा ड्रेन कॉक उघडून दाब पुन्हा खाली आणा आणि हाच खेळ दोनदा बघा, खात्री पटते. हे न बघता लोक हेड उतरवतात, गॅस्केट बदलतात, आणि गाडी चौथ्या दिवशी परत येते. शंका उरली तर रंग बदलणाऱ्या द्रवाची गॅस टेस्ट करा. निळा द्रव हिरवट किंवा पिवळा झाला की ज्वलनाचा गॅस पाण्यात आहे. मात्र ही टेस्ट इंजिन गरम करून, लोड देऊनच करायची. रिकाम्या आयडलवर बारीक तडा बोलत नाही.

तुमच्या गाडीत चढावर डमी गेली, म्हणून हा भाग सोडू नका.

जुनी काढणं

गाडीच्या चाकांना ओट (अडण) लावा, बॅटरी सोडवा. डमी बहुतेक स्टार्टरच्या मागे किंवा मॅनिफोल्डच्या खाली असते. पाणी ५० अंशांखाली येईपर्यंत कॅपला हात लावू नका. रेडिएटर आणि ब्लॉक, दोन्हींचे ड्रेन वेगळे उघडा आणि कुलंट भांड्यात धरा. इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं, जनावरं ते चाटतात. जमिनीवर सोडू नका.

वाटीच्या डमीच्या बुडावर, मध्यभागी नाही तर एका कडेला, बोथट पंचने मारा. ती भोकातच फिरून आडवी होते, एक काठ बाहेर येतो. तो पकडीत धरून ओढा. वार हलके आणि बरेच, एक जोराचा नको. अनेक ट्रक इंजिनांत आत काही मिलिमीटरवर ओली स्लीव्ह, म्हणजे बाहेरून पाण्याने वेढलेला लायनर, असते. पंच घसरून तिच्यावर बसला तर लायनरवर खळगा पडतो, आणि डमीचं काम लायनरचं काम होतं. डमी जॅकेटमध्ये पडली तर तिथेच सोडू नका. पाण्याचा प्रवाह अडतो आणि ती आत खडखडत राहते.

कडेला पंच मारायला जागा नसेल तर मध्ये ५ मिलिमीटरचं भोक पाडा, पत्र्याचा स्क्रू फिरवा आणि स्लाइड हॅमरने (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाच्या हातोडीने) ओढा. ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, पत्र्याच्या जाडीपेक्षा फार पुढे जाऊ नका. बिटाला ग्रीस लावलं की चुरा त्यालाच चिकटतो. उरलेला चुरा चुंबकाने काढा, पण डमी पितळेची किंवा बहुतेक स्टेनलेसची असेल तर चुंबक काही उचलणार नाही, तिथे पाण्याची धार मारूनच काढावा लागतो.

भोक उघडं असताना आत बोट घालून तळ चाचपा. बहुतेक वेळा तिथे चिखलासारखा गंज बसलेला असतो, कधी ओतकामाची वाळूही. खालच्या डम्या आधी गंजतात ते याच थरामुळे. वाकडी तार आणि पाण्याची धार वापरून तो निघेपर्यंत धुवा. ही संधी पुन्हा लवकर येत नाही.

बसवणं: सगळा खेळ एका मिलिमीटरच्या काठाचा

भोकाची भिंत आधी वायर ब्रशने, मग १८० किंवा २२० नंबरच्या एमरी पेपरने गोल दिशेत घासा. आतून बाहेर असे सरळ ओरखडे पडू देऊ नका, पाणी त्याच चरांतून वाट काढतं. कानस वापरू नका. व्हर्नियरने भोक तीन दिशांना मोजा. डमी नेहमी काठाच्या सर्वांत रुंद जागी मोजायची. वाटीचा काठ किंचित बाहेर पसरलेला असतो आणि सील तिथेच होतं. डमी भोकापेक्षा मिलिमीटरच्या एक ते अडीच दशांशांनी मोठी हवी. पक्का आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो. हाताने दाबून आत जाणारी डमी सीलंटच्या भरवशावर कधीही बसवू नका. भोक ओव्हल झालं असेल किंवा गंजाने खड्डे पडले असतील तर ओव्हरसाइज डमी घ्या, किंवा भोक मशीनवर थोडं मोठं करून घ्या. जाड पत्र्याची डमी मदत करत नाही. पकड येते ती काठाच्या ताणातून. पत्रा जाड झाला की काठ लवचत नाही आणि ठोकताना भोकाला ओरखडे पडतात.

धातूबद्दल: साधी स्टीलची डमी स्वस्त आणि घट्ट धरते, पण कुलंट बिघडला की तीच आधी जाते. पितळेची गंजत नाही, मऊ असल्याने बसवायला सोपी, पण वेडीवाकडी ठोकली तर काठ लगेच दुमडतो. स्टेनलेस टिकते, पण कडक असल्याने भोक अगदी गोल आणि स्वच्छ लागतं. नेहमीच्या कामाला पितळ हा माझा कौल, अर्थात इंजिन बनवणाऱ्याने वेगळं सांगितलेलं नसेल तर.

आता भोक ब्रेक क्लीनरने पुसा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. वरून पाण्याचा एक ओघळ येत असेल तर थांबा. सीलंट न धरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हाच ओघळ. अ‍ॅनेरोबिक, म्हणजे हवा न लागता घट्ट होणाऱ्या, सीलंटचं पातळ कडं भोकाच्या आतल्या भिंतीवर लावा. सिलिकॉन टाळा. ते ओलं असताना वंगणासारखं वागतं, डमी परत सरकते, आणि आत सुटलेला गोळा जाऊन ऑइल कूलरच्या बारीक वाटा बंद करतो.

वाटीची उघडी बाजू बाहेर, बूड आत. ठोकायला योग्य ड्रायव्हर नसेल तर वाटीच्या आतल्या व्यासापेक्षा एक-दोन मिलिमीटर लहान गोटी, म्हणजे पान्याचा सॉकेट, घ्या. ती वाटीत सैल बसून बुडाच्या कडेला, भिंतीच्या कोपऱ्याजवळ टेकली पाहिजे. काठावर मारलं तर सील करणारी धारच चेपते. बुडाच्या मध्यावर मारलं तर बूड आत जातं, भिंत आत ओढली जाते आणि पकड सुटते. पहिले दोन-तीन हलके ठोके डमी सरळ आहे का एवढंच पाहायला. वाकडी वाटली तर काढून नवी घ्या, एकदा तिरकी गेलेली वाटी सरळ करून वापरायची नाही. मग आवाज ऐका. आत जाताना ठोक्याचा आवाज मऊ असतो, पकड पूर्ण आली की तो टणक होतो. काठ भोकाच्या उतरत्या कडेच्या, म्हणजे चेंफरच्या, खाली १ ते २ मिलिमीटर गेला की थांबा. काठ चेंफरवरच राहिला तर धरायला भिंतच नाही. फार खोल गेला तर तो सरळ भिंत ओलांडून ओतीव खडबडीत भागात उतरतो आणि तिथेही पकड नाही.

काही इंजिनांत वाटीऐवजी बशीसारखी सपाट डमी असते. तिचा फुगा बाहेर ठेवून खाचेत बसवायची आणि मध्यभागी जाड ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) ठेवून एकच मोजका वार करायचा. फुगा थोडा सपाट झाला की ती पसरते आणि धरते. पूर्ण आत खळगा पडेपर्यंत मारली की ती पुन्हा आक्रसते.

भोकाच्या कडेला पंचने तीन ठिकाणी चेपून डमी अडवायची पद्धत आहे. ओतीव लोखंडात त्यातून तडा सुरू होऊ शकतो, आणि घट्ट डमीला त्याची गरजही नसते. वेल्डिंगचा विचार सोडा. ओतीव लोखंडाला न तापवता टाका मारला तर टाक्याशेजारीच तडा जातो. एकच डमी वारंवार त्रास देत असेल आणि दाबाचं कारण खरंच दूर केलेलं असेल, तर ब्लॉकवर आधीच असलेल्या बोल्टला पट्टी लावून ती डमीसमोर आडवी धरणं हा सभ्य उपाय आहे.

सीलंटला त्याच्या डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ द्या, थंडीत तो आणखी वाढतो. शक्य असेल तर रात्रभर तसंच राहू द्या आणि मगच पाणी भरा.

मागची डमी

ब्लॉकच्या मागच्या तोंडावर, फ्लायव्हील हाउसिंगच्या आत, काही इंजिनांना एक-दोन डम्या असतात. त्या गळल्या की हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब पडतो आणि तो मागच्या ऑइल सीलचा समजून लोक सील बदलायला बसतात. थेंब पांढऱ्या कागदावर धरा. कुलंटचा रंग, चिकट गोडसर वास, पाण्यासारखा पसर असेल तर डमी. गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. म्हणून कुठल्याही कारणाने गिअरबॉक्स उतरला की मागच्या डम्या बदलूनच टाका. डमीची किंमत त्या मजुरीपुढे नगण्य आहे. काही इंजिनांच्या हेडमध्ये टॅपेट कव्हरच्या आतही डमी असते. ती गळली तर बाहेर एक थेंबही दिसत नाही आणि तेल दुधाळ होतं. हेड गॅस्केटला दोष देण्याआधी कव्हर उघडून, प्रेशर देऊन तिथे बघा.

रस्त्यात गेली तर

इंजिन तत्काळ बंद. तापमानाचा काटा बघून निर्णय घेऊ नका, पाणी नसलेल्या सेन्सरला ताप कळत नाही आणि काटा खाली येतो. रबराची, मधल्या बोल्टने फुगणारी डमी गाडीत ठेवावी, आपल्या इंजिनाच्या दोन-तीन मापांच्या. भोक पुसून ती बसवा, बोल्ट आवळून रबर फुगवा, पाणी भरा, कॅप पहिल्या खाचेपर्यंतच लावा म्हणजे दाब चढणार नाही. दाब नसल्याने पाणी लवकर उकळतं, म्हणून कमी लोड, कमी वेग, आणि दर काही किलोमीटरला नजर. हा गॅरेजपर्यंतचा उपाय. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. गळती बंद करणारी पावडर ट्रकच्या इंजिनात टाकू नका, तिने डमी बंद होईल न होईल, ऑइल कूलर, हीटर आणि ईजीआर कूलर मात्र नक्की चोंदतील.

पुन्हा होऊ नये म्हणून

इथे खरं काम कुलंटचं आहे. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं निम्मं असेल तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. ४० टक्क्यांना सुमारे उणे २४, एक तृतीयांशाला उणे १८ च्या आसपास. ६० टक्क्यांना उणे ५० च्या खाली. त्याहून पुढे भर घालून फायदा नाही, उलट शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या जवळच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं.

बहुतेक गाड्या गोठतात त्या कुलंट न घातल्याने नाही, तर वरून साधं पाणी घालत राहिल्याने. ४० लिटरची सिस्टीम, आत निम्मं ग्लायकॉल, म्हणजे २० लिटर. गळतीत ८ लिटर गेलं, त्यात ४ लिटर ग्लायकॉल गेलं. जागी साधं पाणी भरलं, आता ४० टक्के. पुन्हा एकदा तेच झालं की ३२ टक्के. दोनदा भर घातली आणि संरक्षण उणे ३७ वरून साधारण उणे १७ वर आलं, बाहेरून रंग मात्र तसाच हिरवा किंवा लाल. रंगावर विश्वास नको. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबावरून ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारं यंत्र, आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावा, मग इंजिन चालवून मिसळलेल्या कुलंटचा थेंब बघा. इथिलीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलची पट्टी वेगळी असते, आपली कोणती ते ठरवून वाचा. थंड वाऱ्याने गाडी हवेच्या तापमानाखाली जात नाही, पण ती तिथे लवकर पोचते. त्यामुळे उघड्यावर उभ्या गाडीला हाताशी वेळ कमी असतो.

मिश्रण डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाण्यातच करा, आणि बाहेर मिसळून मगच भरा. गंजरोधक द्रव्यं काळाबरोबर संपतात, गोठणबिंदू तसाच राहतो. टेस्ट स्ट्रिपने ती आणि पीएच वर्षातून दोनदा तपासा. ओल्या लायनरच्या डिझेलमध्ये याला दुप्पट महत्त्व, कारण तीच द्रव्यं लायनरलाही पोखरण्यापासून वाचवतात. वेगवेगळ्या प्रकारचे कुलंट मिसळू नका.

डमी पुन्हा पुन्हा खड्डे पडून गळत असेल तर मल्टिमीटर काढा. डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक कुलंटमध्ये, धातूला न लागता बुडवा आणि काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.३ च्या वर गेलं तर काहीतरी खातंय. एकेक उपकरण चालू करा, स्टार्टरही मारून पाहा. ज्याच्यावर आकडा उडी मारतो, त्याचं अर्थिंग खराब आहे. बॅटरी सोडवून, काळं टोक ब्लॉकला लावूनही आकडा तसाच राहिला तर कुलंटच आम्ल झालं आहे, तो बदला.

काही कारणाने साधं पाणी वापरावं लागत असेल तर थंड रात्री रिकामं करा, पण पूर्ण. कॅप काढा, केबिन हीटर गरमवर ठेवा, रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हींचे कॉक उघडा. ब्लॉकच्या कॉकमधून पाणी आलं नाही म्हणजे आत पाणी नाही असं नव्हे, गंजाने भोक चोंदलेलं असतं. तार घालून मोकळं करा. गाडी उताराला उभी असेल तर एका टोकाला पाणी राहतं. कॉम्प्रेसर आणि ऑइल कूलरच्या नळ्या वेगळ्या सोडवा. कॉक उघडेच ठेवा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा, नाहीतर सकाळी कोणीतरी किल्ली फिरवतं.

ब्लॉक हीटर बसवायचा असेल तर तो डमीच्याच एका भोकात जातो. घटक पूर्ण पाण्यात बुडालेला हवा आणि आतल्या स्लीव्हला लागता कामा नये. कुलंट भरून हवा काढल्याशिवाय वीज जोडू नका, काही सेकंदांत तो जळतो. सुरू करण्याआधी दोन ते चार तास पुरतात.

शेवटी भरणं. हवा काढायचे कॉक उघडे ठेवून हळूहळू ओता. घाई केली की लायनरच्या वरच्या भागात हवेचा कप्पा राहतो, तिथे वाफ होते आणि दाब उसळतो. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हीटर चालू ठेवून इंजिन चालवा, थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरा आणि गार इंजिनावर कॅपच्या दाबाने प्रेशर टेस्ट करा. नव्या डमीभोवती खडूची पूड फासून ठेवा. पहिली लांब फेरी करून आल्यावर, इंजिन थंड झाल्यावर ती पूड बघा. गरम असताना फुगून बंद होणारी पाझर गार झाल्यावरच दिसते, आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ लपत नाही.